श्वास घेतला होता का?

ता. ४ मार्च

चि. पोपट यास आजीचा प्रभूमध्ये सलाम आणि पोटभर आशीर्वाद.

तू फादर झालास, लोक तुझ्यापुढे मान झुकवतात, तरी मला तू पोपटच. सहाव्या वर्षी सगळे धर्मपाठ घडाघडा म्हणायचास आणि अर्थ विचारला की नाक चोळत बसायचास.

माझ्या पोटातली गाठ काढायचं ठरलं. एकतीस तारीख दिली आहे. डॉक्टर अगदी पोरगेलासा आहे. म्हणाला, एक्याऐंशी वय म्हणजे थोडा धोका आहेच. मी विचारलं, थोडा म्हणजे किती, तर कागद चाळायला लागला. तुझ्या काकूने आत्तापासूनच पदर डोळ्यांना लावलाय. तिला सांगितलं, निम्मं रडं शिल्लक ठेव, लागेल.

लिहायचं ते वेगळंच. आमच्याकडे नवे फादर आलेत. चर्चला पंचाहत्तर वर्षं होतात म्हणून ते जुन्या नोंदवह्या काढून बसलेत, आणि त्यात त्यांना मी सापडले. मी सुईण होते तेव्हा सतरा बाळांना मरता मरता बाप्तिस्मा दिला, अशी नोंद आहे. सतरा आत्मे वाचवले म्हणून येत्या पंधरा तारखेला मिस्साच्या उपासनेनंतर माझा सत्कार करायचा म्हणतात.

तो तू थांबव. त्या सतरांतलं एकही बाळ जिवंत नव्हतं. सगळी पोटातच गेलेली. तुला ठाऊक आहे, बाप्तिस्मा झाला नाही तर तेव्हा कबरस्तानात जागा मिळत नसे. भिंतीबाहेर, रस्त्याच्या कडेला पुरायचे. मरायला टेकलेल्या मुलाला कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, पण मेलेल्याला फादरसुद्धा नाही. तेव्हाचे म्हातारे फादर दारात उभे राहून एकच विचारायचे, श्वास घेतला होता का? मी सांगायची, हो, दोनदा. मग ते आत पुरायला परवानगी द्यायचे आणि वहीत लिहायचे.

हे पत्र आहे, चर्चमधली पापांची कबुली नाही, की तुला ते गुप्त ठेवावंच लागेल. तरी कुठे बोललास तर कान उपटीन. जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहे तशीच राहू दे.

तुझी आजी

*

ता. ९ मार्च

ती. स्व. आजीस पोपटाचा सलाम, वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. सत्काराचं काम झालं. फादरांना फोन करून कळवलं की आजीची तब्येत बरी नाही, तिला दगदग नको.

पण आजी, मला सत्काराची काळजी नाही. मेलेल्या बाळावर पाणी ओतून तू पित्याचं, पुत्राचं नाव घेतलंस. संस्काराचं सोंग केलंस, आणि देवाच्या माणसासमोर सतरा वेळा खोटं बोललीस. हे कधी कबुलीत सांगितलंस का? मला वाटतं, नाही. एक मोठं पाप जाणूनबुजून लपवलं, तर ती कबुली आणि तिच्यानंतरच्या सगळ्या वाया जातात. तशा मनाने माणूस मेला तर काय होतं, ते मी दर आठवड्याला व्यासपीठावरून सांगतो. आज ते सगळं तुझ्या चेहऱ्यासकट दिसलं.

ऑपरेशनच्या आधी कबुली दे. नव्या फादरांकडे संकोच वाटत असेल तर मी येतो. फक्त पस्तावा हवा. तो नसेल तर क्षमेचे शब्द मला उच्चारता येत नाहीत. माझी इच्छा असली तरी येत नाहीत.

काकूला सलाम. उत्तर लगेच पाठव.

तुझा पोपट

*

ता. १४ मार्च

चि. पोपट, खुशाल असावास.

तू फादरांना सांगितलंस, तब्येत बरी नाही म्हणून सत्कार नको. तब्येत तर त्याच्या आधीपासून बरी नाही. मग ते कारण खरं की खोटं? विचारलं आपलं. आजीसाठी एवढं चालतं म्हणायचं.

तुझं बरोबर आहे, कबुलीत कधी सांगितलं नाही. जिभेवर यायचं आणि मी गिळायची. पण पस्तावा कुठून आणू? उद्या पुन्हा कोणी तसं मूल हातात दिलं तर मी पुन्हा चमच्याने पाणी घालीन आणि पुन्हा दोनदा म्हणेन. तोंडाने पस्तावले म्हटलं तर ते अठरावं खोटं होईल, आणि या वेळी थेट त्याच्यासमोर.

मी पाच पोरं वाढवली. धपाटे घातले, उपाशी झोपवलं, तुझ्या बापाला तर अंगणात उभं केलं. पण प्रत्येकाने काहीतरी करून ठेवलेलं असायचं. जे पोर घरात आलंच नाही, त्याला उंबऱ्याबाहेर ठेवायचा नियम मी केला नाही. मी तिसरी शिकलेली बाई. देव माझ्याहून शहाणा, त्यानेही केला नसणार. आणि केला असेल तर मला त्याच्याशी बोलायचंय.

आणखी एक. चोराला सरकार सांगतं, इतकी वर्षं. तुमच्याकडे नरकाची कायमची आग. चमचाभर पाण्याला कायमची आग, हे तुला सेमिनरीत शिकवलं तेव्हा कोणी हात वर केला नाही?

रागाने लिहीत नाही. काकूने गोळ्यांचा डबा लपवलाय, मी जास्त घेते म्हणून. राग आहे तो तिच्यावर.

आजी

*

ता. १८ मार्च

ती. स्व. आजीस सलाम.

हात वर केला होता. मीच. सरांनी सांगितलं की आग देव लावत नाही, माणूस स्वतः दार लावून बाहेर बसतो. मी ते लिहून घेतलं आणि परीक्षेत मला चांगले गुण पडले. परवा तुझ्या पत्रानंतर ती वही काढली. बाळाने दार कसं लावलं, हे त्यात नाही.

तुला हेही सांगायला हवं की आता तसं राहिलेलं नाही. अशी बाळं आत पुरतात, प्रार्थना म्हणतात, देवाच्या दयेवर भरवसा ठेवतात. तेव्हा तू जे खोटं बोलून मिळवलंस, ते आज खरं बोलून मिळतं. पण तेव्हा ते खोटंच होतं, आणि त्या खोट्याचा तुला पस्तावा नाही. तिथे मी अडलोय. नियम मी केलेला नाही आणि मोडायचा अधिकारही मला नाही.

एवढं सांग, त्या सगळ्या वर्षांत, त्या कामातलं असं काहीच नाही का, जे पुन्हा करायची वेळ आली तर तू करणार नाहीस?

तारीख जवळ येते आहे. माया कमी करू नकोस.

पोपट

*

ता. २२ मार्च

चि. पोपट यास आजीचा सलाम.

आता आत पुरतात, हे वाचून बरं वाटलं. पण जी बाहेर होती ती काय आपोआप आत सरकली? त्यांच्या आयांना कोणी पत्र पाठवलं का? देव बदलला की तुम्ही बदललात, तेवढं एकदा ठरवा.

तू विचारलंस ते आहे. एक आहे.

सतरांच्या आधीचं. मी नुकतीच एकटीने बाळंतपणं करायला लागले होते. लाँड्रीत इस्त्री करणारी बाई, पहिलटकरीण. मुलगी झाली, केस भरपूर, पण निळी. फादरांनी दारातून विचारलं, श्वास घेतला होता का? मी सांगितलं, नाही. खरं तेच सांगितलं. ते मान हलवून निघून गेले. माणूस वाईट नव्हता, त्यांना वही भरायची होती. मुलीला भिंतीबाहेर पुरलं.

बाईची लाँड्री त्याच रस्त्यावर. रोज कामावर जाताना ती त्या जागेच्या आधी पलीकडच्या फुटपाथवर जायची आणि चार पावलं पुढे गेल्यावर परत इकडे यायची. अकरा वर्षं मी खिडकीतून पाहिलं. मला कधी बोल लावला नाही. दिसले की मान हलवायची, बस्स. बोल लावला असता तर मला जड गेलं नसतं.

त्या एका गोष्टीचा मला पस्तावा आहे. रोज आहे. त्या दिवशी मी खरं बोलले. पुन्हा वेळ आली तर बोलणार नाही.

आता हे तुझ्या पापांच्या यादीत बसतं का, ते तू बघ. बसत नसेल तर ओढाताण करू नकोस. मी अशीच जाईन ऑपरेशनला. येताना काही आणू नकोस, इथे फळांचा ढीग पडलाय आणि दात माझे पाच.

तुझी आजी

*

ता. २६ मार्च

ती. स्व. आजीस पोपटाचा सलाम.

यादी पाहिली. खरं बोलणं हे पाप तिच्यात नाही. वरिष्ठांना विचारायला निघालो होतो, जिन्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. विचारलं असतं तर त्यांना नाही म्हणावं लागलं असतं.

तीस तारखेला सकाळच्या गाडीने येतो. काकूला म्हणावं, थोडा वेळ खोलीत आपल्या दोघांनाच बसू दे. कबुली ऐकताना फादर घालतात तो गळ्यातला पट्टा घालून तुझ्या खाटेशी बसेन. पत्रात लिहिलंस ते, जसंच्या तसं, पुन्हा तोंडाने सांग. लाँड्रीतल्या बाईपासून सुरू कर आणि तिच्यापाशीच थांब. बाकीच्या सतरांबद्दल मी विचारणार नाही.

तुझं सांगून झालं की मी क्षमेचे शब्द उच्चारीन, पूर्ण, एकही न गाळता. ते चुकीचं ठरलं तर त्याचा जाब देव मला विचारेल. तू तेव्हा मध्ये बोलायचं नाहीस.

लोभ आहेच, तो मागत नाही.

तुझा पोपट