दुपारचं लाल तळं

वाडी, ता. पेण
१२ एप्रिल २०२५

चि. अपेक्षास,
तुझ्या मालूआत्याचे अ. आ.

मुसाभाईंचा टेम्पो शाडू उतरवून रोह्याला निघालाय. त्यांचा चहा होतोय तोवर लिहून घेते. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने लावते, त्यातून गेल्या महिन्यात तुझ्या बाबांशी फुकटचं भांडण झालं. लहानपणी तो माझं ऐकायचा नाही, आता मी त्याचं ऐकत नाही, फिटंफाट! तेव्हा पत्रच बरं. मुसाभाई अष्टमीच्या पुलावरून जाताना ते तुमच्या घरी टाकतील. सोबत गोणपाटात गुंडाळलेली एक बाटली आहे, ती नीट उतरवून घे.

बाटलीत आमच्या वाडीच्या तळ्याचं पाणी आहे. होळीपासून तळं लाल होतंय. गेरू कालवावा तसं, आणि वर साय. शेजारचा गुणाजी पारावर बसून सांगत सुटलाय की मालूबाय रंगाच्या बादल्या तळ्यात ओतते. त्याचं म्हणणं, सकाळी तो म्हशी घेऊन जातो तेव्हा तळं हिरवं असतं. दुपारी मी बादली घेऊन जाते आणि मग तळं लाल होतं. मी रोज दुपारी जाते हे खरं आहे. शाडू भिजवायला पाणी तिथूनच आणते. पण रंगाचं पाणी माझ्या गणपतीच्या कारखान्यामागच्या खड्ड्यातच जातं, तुझे आतोबा होते तेव्हापासून. आता हे गुणाजीला कोण सांगणार? त्याच्या एका म्हशीने वैरण सोडली आहे. आजारी म्हशीच्या मालकाशी वाद घालू नये.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर तुला त्रास दिला नसता. एक मेच्या ग्रामसभेत कारखाना वाडीबाहेर न्यावा असा ठराव येणार आहे. त्याच्या आदल्या दिवशी अक्षय्यतृतीया. त्या दिवशी वाडीतले लोक आपापल्या घरचा गणपतीचा पाट माझ्याकडे आणून ठेवतात, तुला माहीत आहे. पाट आला की त्या घरचा गणपती माझ्या हातचा. यंदा गुणाजीने सांगून टाकलंय की त्याचा पाट पेणला जाणार. बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघताहेत. मूर्ती रंगून उभ्या आहेत, फक्त डोळे राहिलेत. अंगावर आळ असताना मी डोळे आखणार नाही. सासूबाईंनी ब्रश हातात दिला तेव्हाच सांगितलं होतं, मन गढूळ असलं तर डोळ्याला हात लावायचा नाही, मूर्ती मग जन्मभर तशीच बघते.

तू कॉलेजात पाण्यातले किडे बघत असतेस ना? मग हे बघ आणि रंग आहे की आणखी काही ते लिही. मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस, खरं असेल ते लिही. वहिनीला सांग, कैऱ्या पुढच्या खेपेला.

आशीर्वाद आहेतच, अभ्यासही असू दे.
तुझी मालूआत्या


अष्टमी, रोहा
१६ एप्रिल २०२५

ती. स्व. मालूआत्यास,
अपेक्षाचा सा. न. वि. वि.

बाटली सुखरूप पोचली. आधी तक्रार: त्यांना किडे म्हणू नकोस. माझं वर्षभराचं प्रोजेक्ट त्यांच्यावरच आहे. अख्खा देह एकाच पेशीचा, आणि पुढे चाबकासारखी बारीक शेपटी. तिला आम्ही कशाभिका म्हणतो. ती हलवत हे जीव पाण्यातून पुढे सरकतात. थेंबभर पाण्यात शेकडो. मग शेपट्या एक की दोन, अंग लवचीक की ताठ, हिरवं की बिनरंगाचं, असे प्रश्न विचारत विचारत त्यांची कुळं लावायची. वधूवर सूचक मंडळासारखंच काम आहे म्हण.

तुझ्या पाण्यात जे खच्चून भरलेत ते युग्लेना. यांच्यावरून आमच्याकडे कायमचं भांडण आहे. प्राण्यासारखे पोहतात म्हणून आम्ही प्राणिशास्त्रवाले त्यांना आपले म्हणतो. झाडासारखं उन्हावर अन्न करतात म्हणून वनस्पतिशास्त्रवाले ओढतात. आमच्या नूतन मॅडम म्हणतात, आता नव्या वर्गीकरणात त्यांना दोघांकडूनही काढून वेगळं बिऱ्हाड दिलंय. सासर-माहेर दोन्ही नको, स्वतःचं घर! तुला आवडेल म्हणून लिहिलं.

आता तुझा प्रश्न. बाटली उघडली तेव्हा पाणी हिरवं होतं, आत्या. काचपट्टीवर घेतलं तरी सगळे हिरवेच. प्रत्येकाच्या पोटात मधोमध लालसर पुंजका दिसतो, पण तो साठवलेल्या अन्नाचा असावा, बाहेरून रंग हिरवाच. म्हणजे तळं या जिवांमुळे लाल होत नाही. मॅडमना घाईत विचारलं, त्या परीक्षेच्या गडबडीत होत्या, त्याही हिरवं म्हणाल्या. तू खरं लिही म्हणालीस म्हणून विचारते, राग मानू नकोस. बादली तळ्यात बुडवताना तिला लागलेला रंग थोडा थोडा जात असेल का? तुझ्याही नकळत? तसं असलं तर बादली बदलली की प्रश्न मिटेल.

आई विचारते, गुडघा कसा आहे. माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझी अपेक्षा


वाडी, ता. पेण
१९ एप्रिल २०२५

चि. अपेक्षास,
अ. आ.

पत्र पोचलं. मी बाटली भरली तेव्हा पाणी लाल होतं. मुसाभाईंनी डोळ्यांनी पाहिलंय. आपण शाडूचा गोळा झाकतो तशी ओल्या गोणपाटात गुंडाळून, वर काळी पिशवी बांधून दिली होती, पाणी तापू नये म्हणून. वाटेत रंग उडाला असेल तर मला ठाऊक नाही. मी शाळा सोडली तेव्हा शेपटीवाल्यांचा धडा यायचा होता.

तू खरं ते लिहिलंस. मीच लिहायला सांगितलं होतं, तेव्हा राग कसला! पण माझी पाण्याची बादली वेगळी आणि रंगाची वेगळी. पाण्याच्या बादलीला मी रंग लागू देत नाही, कारण शाडूत रंग गेला तर मूर्तीला डाग पडतो. गुणाजी बोलला ते मी ऐकून घेतलं. त्याला माझं काम ठाऊक नाही. तू तर सुट्टीत इथे बसून माझे ब्रश धुतेस गो पोरी. तुला हा प्रश्न पडावा याचं मला वाईट वाटलं.

एक तारखेला मी सभेला जाणार नाही. मूर्ती मुसाभाई पेणला एका कारखान्यात पोचवतील, तिथे कोणीतरी डोळे आखेल. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी. गुडघा आहे तिथेच आहे.

तुझी आत्या


अष्टमी, रोहा
२३ एप्रिल २०२५

ती. स्व. मालूआत्यास,
सा. न. वि. वि., आणि यावेळी खरोखरच साष्टांग.

मूर्ती हलवू नकोस! मुसाभाई आधी अष्टमीला थांबून हे पत्र घेतील आणि मगच तुझ्याकडे येतील, मी त्यांना शपथ घातली आहे. ते म्हणाले की मालूबेनसाठी टेम्पो रिकामा न्यावा लागला, पेट्रोल फुकट गेलं तरी चालेल.

तुझं पत्र वाचून मी रडले, मग स्वतःवरच चिडले. तुझी बाटली टाकून द्यायची म्हणून घरी आणून खिडकीत ठेवली होती. दुपारी जेवून आले तर बाटली लाल. तुझ्या गेरूसारखी, वर सायीसकट. मी आईवर ओरडले की यात काय घातलंस. मग तुझ्या पत्रातलं गोणपाट आठवलं. बाटलीवर ओलं फडकं टाकून बसले, आणि थोड्या वेळाने काढलं तर पाणी पुन्हा हिरवं. पुन्हा उन्हात ठेवली, पुन्हा लाल. संध्याकाळपर्यंत मी हाच खेळ खेळत होते.

आत्या, लाल रंग त्यांच्या पोटातच आहे. तोच पुंजका, जो मी बघूनही सोडून दिला. ऊन कडक झालं की ते लाल कण अंगभर पसरतात, आपण डोक्यावर पदर घ्यावा तसे, आणि आतला हिरवा रंग झाकतात. सावली आली की परत पोटात गोळा होतात. तू बाटली अंधारात पाठवलीस, मी ती सावलीतल्या प्रयोगशाळेत उघडली. म्हणजे तुझ्या पाण्याचं मी फक्त सकाळचं तोंड पाहिलं. गुणाजीकाकाही सकाळी जातात तेव्हा तेच बघतात. तू जातेस भर दुपारी. तळं लाल होतं ते ऊन चढल्यामुळे, आणि तूही जातेस ऊन चढल्यावरच. तू आणि लाल रंग एकाच वेळी हजर, एवढाच तुझा गुन्हा.

मॅडमना दाखवलं. त्यांनी स्वतःच कपाळावर हात मारला. या जातीचं नाव युग्लेना सँग्विनिया. सँग्विनिया म्हणजे रक्ताच्या रंगाची. आणि युग्लेना या नावातच छान डोळा असा अर्थ आहे. प्रत्येकीला पुढच्या टोकाशी एक तांबडा ठिपका असतो, त्याला नेत्रबिंदू म्हणतात. तो खरा डोळा नाही, त्याने काही दिसत नाही, पण उजेड कुठून येतोय हे तिला त्याच्यामुळे कळतं.

मी एक तारखेला सूक्ष्मदर्शक घेऊन येते. मॅडमनी परवानगी दिली आहे. आणखी एक गोष्टही मी सभेत सांगणार आहे. हे जीव शेणामुताच्या, निर्माल्याच्या, गाळाच्या पाण्यावर माजतात. म्हणजे तळं लाल केलंच असेल कोणी तर गुणाजीकाकांच्या म्हशींनी. चांगलं सगळ्यांसमोर सांगते.

मी बाटलीवर विश्वास ठेवला आणि तुझ्यावर ठेवला नाही. मला माफ कर. जवळ घेशील ना?
तुझी अपेक्षा


वाडी, ता. पेण
२६ एप्रिल २०२५

चि. अपेक्षास,
अ. आ., हातभर जास्तच.

मूर्ती जागच्या जागी आहेत. पत्र वाचून मुसाभाईंनाच वाचून दाखवलं. त्यांनी दोन वेळा म्हणून घेतलं, की दुपारी लाल, सकाळी हिरवं, आणि मग हसत सुटले. मी आज मुद्दाम पहाटे तळ्यावर गेले. तीस वर्षं इथे राहून सकाळचं तळं मी कधी पाहिलंच नव्हतं, सकाळी माझे हात मातीत असतात. हिरवंगार होतं. गुणाजी खोटं बोलत नव्हता गो, त्याने जे पाहिलं तेच सांगत होता. तूही तेच केलंस. तेव्हा माफी वगैरे पुरे.

सूक्ष्मदर्शक आण. पण म्हशींचं सभेत बोलायचं नाही. नीट ऐक. आज माझ्या अंगावरचा आळ तू उचलून गुणाजीच्या ओट्यावर ठेवशील. लोक उद्या त्याच्या दाराकडे बघतील, परवा तो तिसऱ्याकडे बोट दाखवेल. निर्माल्य तर माझ्या घरचंही त्याच तळ्यात जातं, आणि माझ्या हातचे गणपतीही तिथेच बुडतात. तळं सगळ्यांनी मिळून भरलंय. कोणी केलं हे विचारूच नकोस, गाळ कधी काढायचा ते विचार. त्याची म्हैस बिचारी अजून नीट खात नाही.

अक्षय्यतृतीयेला एकही पाट आला नाही तरी मी वाट बघत बसणार नाही, असं म्हणते खरी.

वाट तुझी मात्र बघते.
मालूआत्या


अष्टमी, रोहा
२ मे २०२५

ती. स्व. मालूआत्यास,
सा. न. वि. वि.

सभेत तुला अर्धंच ऐकू आलं असेल आणि उरलेलं तू मनाने लावलं असशील, म्हणून लिहून पाठवते. सभेच्या आदल्या दिवशी एकही पाट आला नव्हता, हे तू मला जेवताना सांगितलंस. पण तू सभेला आलीस हे फार बरं केलंस.

मी दोन बाटल्या उन्हात ठेवल्या, एक उघडी आणि एक तुझ्या गोणपाटात. सरपंचबाई नूतन मॅडमपेक्षा कडक निघाल्या. म्हणाल्या की गोणपाटात मी आधीच हिरवं पाणी भरलं असेल, तर आता बाटल्यांची अदलाबदल करून दाखव. मी गोणपाट दुसऱ्या बाटलीला घातलं. सगळे पुढे सरकून बघत होते. रंग फिरले तेव्हा मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या, ते मुसाभाई होते. मग सूक्ष्मदर्शकापुढे रांग लागली. ठराव आपोआप बाजूला पडला आणि पावसाआधी सगळ्यांनी मिळून गाळ काढायचं ठरलं. म्हशींना तोवर विहिरीचं पाणी. मला कोणी विचारलं, हे पाणी गुरांना बाधतं का. मी खरं सांगितलं, की असलं पाणी माशांना मारतं असं वाचलंय, म्हशींचं मला माहीत नाही, गुरांच्या डॉक्टरना बोलवा. तू सांगितलंस तेवढंच बोलले, जीभ चावून.

गुणाजीकाका सूक्ष्मदर्शकाशी सर्वांत शेवटी आले. खूप वेळ बघत राहिले. मग मला विचारलं, की तो तांबडा ठिपका म्हणजे डोळा, तर मग ती युग्लेना त्यांना बघतेय का. मी म्हणाले की तिला दिसत नाही, फक्त उजेड कुठे आहे एवढं कळतं. ते म्हणाले, व्हय, तेवढं पुरतं. आणि चपला घालून निघून गेले. हात त्यांनी कशालाच वर केला नाही. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

डोळे आखायला घेतलेस का? आठवण ठेव माझी ब्रश धुताना.
तुझी अपेक्षा


वाडी, ता. पेण
५ मे २०२५

चि. अपेक्षास,
अ. आ.

तू विचारलंस म्हणून सांगते, तुझं पत्र आलं तोपर्यंत ब्रशला हात लावला नव्हता. सभा झाली, आळ गेला, तरी मन निवळेना. बाकीचे लोक तीन तारखेपासून पाट आणून देत होते. हसत होते, मागचं काही बोलत नव्हते. मी पाट भिंतीला लावून ठेवत होते आणि हात मातीतच घालत होते.

काल सकाळी लवकर दाराशी सावली पडली. गुणाजी. म्हैस विहिरीच्या पाण्यावर खायला लागली आहे, एवढं म्हणाला. पाण्यानेच की डॉक्टरच्या औषधाने, ते त्यालाही माहीत नाही. मग काखेतला पाट पुढे केला. तो पेणला गेलाच नव्हता, घरीच होता. पाट ओला होता, पाणी ठिबकत होतं. मी विचारलं, विहिरीवर धुतलास का. त्याने मान हलवली आणि तळ्याकडे बोट दाखवलं. चार माणसांच्या देखत त्याने गणपतीचा पाट त्या पाण्यात धुऊन आणला होता. आणि गेला. त्याला माफी मागता येत नाही आणि मला ती घेता येत नाही, त्यामुळे बरंच झालं.

पाटाच्या कडेला हिरवी साय चिकटली होती. मी तो ओट्यावर वाळत ठेवला आणि आत येऊन त्याच्याच गणपतीचे डोळे आधी आखले. हात एकदाही थांबला नाही. पुरे करून बाहेर आले तर ऊन चढलं होतं, आणि पाटाची कड लाल झाली होती. मी पुसली नाही.

सुट्टी लागली की ये, ब्रश पडलेत.
तुझी
मालूआत्या