सहा नंबरची खाट

प्रिय मास्तरीणबाई,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. लगेच उत्तर लिहिलं असतं तर त्यात शिव्याच जास्त झाल्या असत्या, म्हणून थांबले. राग गेलाय असं समजू नकोस, फक्त अक्षर वाचता येईल इतका खाली आलाय. वॉर्ड कसा आहे म्हणून विचारलंस. छान आहे. भिंतींना नवा रंग दिलाय, खाटांना नवे पडदे आलेत. त्या पडद्याआड काम करणाऱ्या मुली तेवढ्या टिकत नाहीत. परवा एकीला औषधांच्या खोलीत रडताना पाहिलं. मी गेले तर तोंड धुतलं आणि ट्रे उचलून चालू लागली. रडायलासुद्धा सवड नाही गं त्यांना.

हॉस्टेलवर तू झोपेत औषधांचे डोस घोकायचीस आणि सकाळी उठून आम्हाला सगळ्यांना प्रश्न विचारायचीस, म्हणून तर मास्तरीणबाई हे नाव पडलं. तू वॉर्ड सोडून शिक्षण खात्यात गेलीस तेव्हा मी अख्ख्या ड्युटी रूमला चहा पाजला होता. आपलं माणूस वर जाऊन बसलंय, आता आपलं कुणीतरी ऐकेल, असं वाटलं होतं. मग तुमच्या समितीनं शैक्षणिक कर्जाच्या मर्यादा ठरवल्या. डॉक्टरकी व्यावसायिक शिक्षण, म्हणून तिला भरघोस कर्ज. नर्सिंगच्या वरच्या शिक्षणाला त्याच्या निम्मंही नाही, कारण ते म्हणे त्या वर्गात बसत नाही. खाली सह्यांमध्ये तुझी सही पाहिली आणि लगेच तुला फोन लावला. तू समजावलंस, कर्ज कमी मिळालं की कॉलेजं झक मारत फी कमी करतील. एका पैशानं केली नाही त्यांनी. ज्यांना परवडतं त्यांनी प्रवेश घेतले, बाकीच्या घरी बसल्या.

चिमणी घरी बसली नाही, हीच तिची चूक. चिमणी, आमच्या वॉर्डातली नर्स, तुला आठवतेच. तुझी आई आमच्याकडे दाखल होती तेव्हा कुणाच्याच हातचं औषध घेत नव्हती, हिनं मात्र गप्पा मारत मारत कधी गिळायला लावलं ते आईंना कळायचंही नाही. तिला पुढे शिकून नर्सिंगच्या मुलींना शिकवायचं होतं. कॉलेजात शिकवणाऱ्या नाहीत म्हणून जागा कमी, जागा कमी म्हणून वॉर्डात मुली कमी, आणि आहेत त्यांचं कंबरडं मोडतंय, हे तिला तुमच्या समितीपेक्षा लवकर कळलं होतं. प्रवेश मिळाला. बँकेनं मर्यादेवर बोट ठेवलं. बापाची शिवणकामाची टपरी, तिथून काय निघणार? मग पोरगी आमची ड्युटी, कॉलेज आणि वर शनिवार-रविवार दुसऱ्या एका दवाखान्यात काम, असं तिन्हीकडे धावायला लागली. मी रागावले की हसायची, म्हणायची सिस्टर, झोप काय, म्हातारपणी काढू.

एका सोमवारी ती रात्रभर तिकडे जागून थेट इकडे आली. दुपारी पाळी बदलताना टेबलाशी उभी राहून तिनं पुढच्या मुलीला एकेका पेशंटची माहिती दिली. रोजच्यासारखी, स्पष्ट, न अडखळता. सहा नंबर, साखर वाढलेली आहे, इन्सुलिन द्यायचं राहिलंय. त्या मुलीनं सिरिंज भरली आणि कागद न पाहता निघाली, कारण चिमणीचं सांगणं आजवर कधी चुकलं नव्हतं. मी वाटेत होते म्हणून विचारलं, कुणाला? आमच्या सहा नंबरवर पाय मोडलेले आजोबा होते. त्यांना साखरेचा त्रास नाही. चिमणी त्या दुसऱ्या दवाखान्यातल्या सहा नंबरबद्दल बोलत होती. तिला आपण कुठे उभ्या आहोत हेच कळत नव्हतं. ते इन्सुलिन गेलं असतं तर आजोबांनी संध्याकाळ पाहिली नसती. मी त्या मुलीच्या हातातून सिरिंज काढून घेतली आणि चिमणीला आजोबांचा कागद दाखवला. दुसऱ्या दिवशी तिनं राजीनामा दिला आणि कॉलेजही सोडलं. मी हाता-पाया पडले. ती म्हणाली, सिस्टर, माझ्या हातून कुणी गेलं तर मला जगता यायचं नाही. आता मोबाइलच्या दुकानात काउंटरवर उभी असते. रात्री झोपते म्हणे.

आता तुझ्या पत्राचं उत्तर. पोटाचं ऑपरेशन आमच्याकडेच करायचं ठरवलंस, चांगलं केलंस, सर्जन हुशार आहेत. पण तू लिहिलंयस की ऑपरेशननंतर माझ्या खाटेशी आईची ती चिमणीच दे, मला दुसऱ्या कुणाचा भरवसा वाटत नाही. मलाही वाटत नाही गं. चिमणी मिळणार नाही. तुझ्यासाठी वेगळी नर्सही लावणार नाही मी, ओळख कितीही जुनी असली तरी. यंदाच पास झालेली एक मुलगी असेल आणि तुझ्यासकट अर्धा वॉर्ड तिच्या एकटीच्या अंगावर. तू घंटा दाबशील, ती लगेच येणार नाही. पोटात कळ मारेल आणि तू दाराकडे बघत पडून राहशील. तेव्हा तिच्यावर चिडू नकोस. आदल्या रात्रीपासून काही खाऊ नकोस, अंगावरचे दागिने घरी ठेवून ये. हे खरं तर तुला सांगायला नको. तूही एके काळी नर्स होतीस.

राग आहे, तरी तुझीच,
वॉर्डात उरलेली