बादल्या घेऊन आलेले श्रोते

१४ जुलै, सोमवार

आजपासून रोजनिशी. उद्या माझ्यावर कुणी लेखबिख लिहायला बसलं तर मटेरियल हवं. तोपर्यंत कुणी वाचू नये. विशेषतः बायकोने, सुनेत्राने.

हेरंब जिन्यात भेटला. मंडळाचा सेक्रेटरी झाल्यापासून तो मीटिंगा जिन्यातच घेतो. म्हणाला, साळसकरकाका, यंदा गणपतीत माइकवर जरा फ्रेश आवाज ठेवू या का, तिसऱ्या मजल्यावरच्या पूर्वीला विचारलंय. दहा ऑगस्टच्या सभेत फायनल करू. मी म्हणालो, ठेवा की, मला काय.

सव्वीस वर्षं तो माइक माझ्याकडे आहे. माझ्या आवाजावर हरवलेली पोरं सापडलीत. एकदा एक हरवलेला नवराही परत आला, त्याला यायचं नव्हतं तरी. ऑफिसातून रिटायर झालो तेव्हा शाल मिळाली आणि विषय संपला. आता हा माइक तेवढा राहिलाय. तो सोडणार नाही.

१६ जुलै

आयडिया सुचली. मे महिन्यात आम्ही थंड हवेच्या ठिकाणी गेलो होतो. तिथे हॉटेलात सकाळी गावचा लोकल रेडिओ लागायचा. धुकं दाट आहे, घोडे उशिरा निघतील, मग जॅमवाल्या बाईंची मुलाखत. मूठभर डोंगरी वस्तीला स्वतःच्या बातम्या, आणि आमच्या चिंचपोकळीच्या एवढ्या चाळीला काही नाही?

मंडळाचा जुना ॲम्प्लिफायर जिन्याखाली पंपाच्या खोलीत पडून आहे. कर्णा चौकातच आहे. रोज सकाळी बातम्या आणि मुलाखती. नाव: चाळवाणी. सभेपर्यंत लोकांना माझ्याशिवाय करमणार नाही.

सुनेत्रा म्हणाली, सकाळचं लोकांना झोपू द्या. दूरदृष्टी नाही.

२१ जुलै

पहिलं बातमीपत्र. ठळक बातम्या: दुसऱ्या मजल्याचा बल्ब गेला. मांजर व्यायली. चिंचपोकळी स्टेशनकडच्या गल्लीत खड्डा, जपून चालावे.

सुरुवातीला चौकात एक कावळा. धीर सोडला नाही. 'आता बातम्या सविस्तर' म्हणालो, आणि काय सांगू. चारही गॅलऱ्या माणसांनी भरल्या. बायका, पुरुष, दात घासणारे, सगळे धावत बाहेर. हातात बादल्या होत्या, पण कान माझ्याकडे.

मध्येच कर्ण्यातून घुर्र आवाज यायला लागला, तेवढा टेक्निकल प्रॉब्लेम. लोकांनी समजून घेतलं.

२४ जुलै

रोज हाऊसफुल. आधी कुणी नसतं, घुर्र चालू असतानाही लोक चिकाटीने येतात. आज एक बाई नायटीवर टॉवेल टाकून पळत आली. एवढी ओढ मी नाटकाला पाहिलेली नाही.

हेरंबही होता. दोन बादल्या आणि एक पिंप घेऊन. सेक्रेटरी म्हणून सर्वांत जास्त वेळ थांबला.

२७ जुलै, रविवार

मुलाखत. पाहुणे: दौलतकाका, माजी गिरणी कामगार, वय ऐंशीच्या पुढे. मी प्रास्ताविक केलं. गिरणगावाचा इतिहास सांगितला. माझ्या आवाजाचा इतिहासही ओघाने आला. मग पहिला प्रश्न विचारला. दौलतकाका माइकजवळ येऊन म्हणाले, माका कधीपासून लघवीक जावचा हा, जाव काय?

हे सबंध चाळीने ऐकलं. टाळ्या पडल्या. मुलाखतीला लोकांचा असा प्रतिसाद क्वचित मिळतो.

३० जुलै

पूर्वीने दौलतकाकांना मोबाइलवर रेकॉर्ड करून चाळीच्या ग्रुपवर टाकलं. सुनेत्रा स्वयंपाकघरात ऐकत होती. संपात घरी चूल पेटत नव्हती तेव्हा त्यांच्या बायकोने शेजारणीकडून विस्तव मागायच्या निमित्ताने पोरांना तिथेच जेवायला कसं बसवलं, शेजारणीने एकदाही तोंडातून शब्द कसा काढला नाही, ते सांगत होते. सुनेत्राने डोळे पुसले. कांदा चिरत होती.

मी शेवटपर्यंत ऐकलं. पूर्वीने पूर्ण वेळात एकच प्रश्न विचारला. तयारी कमी पडली असणार.

२ ऑगस्ट

संध्याकाळचं बुलेटिन करून पाहिलं. प्राइम टाइम. घुर्र अजिबात आली नाही, आवाज काचेसारखा स्वच्छ. श्रोते: मांजर, तिची पिल्लं.

टीव्हीवर मालिका चालू होत्या. परत सकाळी.

५ ऑगस्ट

सभा जवळ आली. घुर्रीचा बंदोबस्त करायला इलेक्ट्रिशियन अभयला बोलावलं. म्हणाला, काका, तुमचा ॲम्प पंपाच्याच लाइनवर आहे, पंप चालू झाला की गुरगुरणारच. वायर वेगळी काढून दिली. आता लोकांना माझा एकेक शब्द ऐकू येईल.

६ ऑगस्ट

गॅलऱ्या रिकाम्या. ठळक बातम्या दोनदा वाचल्या. कावळासुद्धा नाही.

तासाभराने आरडाओरडा. दुसऱ्या मजल्यावरची बाई माझ्या नावाने शिव्या घालत होती. एक जण बिनआंघोळीचा कामावर गेला. म्हणजे बुलेटिन चुकल्याचं एवढं दुःख. मला भरून आलं.

७ ऑगस्ट

तेच. सुनेत्रानेही घरात पाण्याचा थेंब नाही म्हणून माझ्याकडे बघितलं. माझा काय संबंध? मी बातम्या देतो, पाणी नाही.

१० ऑगस्ट, रविवार

सभा झाली. लिहायचं नव्हतं, पण रोजनिशी आहे.

मी भाषण तयार ठेवलं होतं. त्याआधी हेरंब उठला. महापालिकेचं पाणी सकाळी नेमकं कधी येईल याचा भरवसा नसतो, आलं की पंप आपोआप सुरू होतो, वर कुणाला कळत नाही, हे सगळं सगळ्यांना माहीत असलेलं त्याने सांगितलं. मग म्हणाला, साळसकरकाकांमुळे कर्णा घुर्र करायला लागला आणि पहिल्यांदाच पूर्ण चाळीला पाणी आल्याचं कळायला लागलं. तेव्हा ती घुर्र परत चालू करावी. बातम्या नसल्या तरी चालतील.

ठराव एकमताने. अनुमोदन सुनेत्राचं.

गणपतीचा माइक पूर्वीला. मला 'ध्वनिप्रमुख' केलंय. काम: रोज सकाळी ॲम्प्लिफायरचा स्विच लावणे. माइक जोडायचा नाही. हुद्दा तसा वाईट नाही.

जेवलो नाही. वाईट वाटलं. खूप वाटलं.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

निश्चय: आज खाली उतरायचं नाही. मंडपात डेकोरेटरचं नवीन साउंड आलंय. लावू देत. ध्वनिप्रमुख रजेवर. खोलीचं दार लावून, खिडकी ओढून बसलो. सुनेत्रा मंडपात निघून गेली.

पूर्वीचा आवाज खिडकीतून येत होताच. देणगीदारांची नावं फार भरभर घेते. मध्येच थांबली, आणि म्हणाली: एक सद्गृहस्थ हरवले आहेत. नाव गंगाधर साळसकर, वय साठ, उंची मध्यम, केस कमी, राग जास्त. जिथे असतील तिथून त्यांनी मंडपाजवळ यावं. घरची माणसं वाट बघतायत. आणि काका, येताना स्विच लावा, पाण्याची वेळ झाली.

वर्णन सुनेत्राने सांगितलेलं. केसांवरून ओळखलं.

उच्चार ठीक होते. पण अशा घोषणेच्या शेवटी मी एक वाक्य घालायचो: माणूस सुखरूप आहे, घरच्यांनी रडू नये. तेवढं तिने गाळलं. ते सांगायला म्हणून खाली उतरलो.

जाता जाता स्विच लावला. घुर्र. वरती बादल्या वाजल्या.