उपाशी हायड्रा

बुधवार, ता. १८, दुपारी
प्रयोगशाळेतून

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार, बाळीच्या दोन्ही गालांचे मुके. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा दुखतो, पण दिवसातून चारदा जिना चढल्याशिवाय तिला चैन पडत नाही. तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. वेळ मिळाला नाही, असं लिहिणार होते. वेळ होता.

तू विचारलंस, "जंतूवाले, दिवसभर करतेस तरी काय?" तर ऐक. सकाळी आल्याआल्या खाऱ्या पाण्यात उबवलेली इवल्या कोळंबीची पिल्लं गाळायची. धुळीच्या कणाएवढी असतात, पण वास असा की नंतर जेवणाचा डबा उघडवत नाही. ती धुऊन हायड्रांना घालायची. हायड्रा म्हणजे नखाच्या कडेएवढा धागा, टोकाला केसांसारखे हात आणि मधे तोंड. तोंड एकच. खातो तिथूनच उरलेलं ओकतो. ती ओकारी दुपारी नळीने उचलायची, वाट्या बोटाने चोळून धुवायच्या, पाणी बदलायचं. राहून गेलं तर सगळं कुजतं आणि हायड्रा मरतात. सात वर्षं हेच करतेय. कधी किळस आली नाही.

किळस आता येते, आणि ती आमच्या साहेबांची येते. सूक्ष्मदर्शकाच्या टेबलावर संत्रं सोलतात, साली तिथेच टाकतात, बोटं पडद्याला पुसतात. बोलताना दातातलं काढत असतात.

मी मुद्द्याला बगल देतेय, हे तुला कळलंच असेल. लहानपणापासून तुला कळतं.

पाच महिन्यांपूर्वी आमच्याकडे तलावाचं पाणी तपासायला आलं. औषध घालायच्या आधीचं, कच्चं. तुमच्या नळाचा तोच तलाव. तीन वाट्यांत तलावाचं पाणी, तीन वाट्यांत आमचं स्वच्छ पाणी, सगळ्यांत सारखे हायड्रा. दुसऱ्या दिवशी तलावाच्या वाट्यांतल्यांच्या हातांची टोकं काडेपेटीतल्या काडीच्या गुलासारखी फुगली. तिसऱ्या दिवशी हात आखडले. चौथ्या दिवशी वाटीत नुसता गढूळ चिकटा. स्वच्छ पाण्यातले मात्र हात पसरून तसेच जिवंत होते. मी तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा तेच.

साहेबांनी कागद बघितला आणि म्हणाले, "तुझ्या वाट्या नीट धुतल्या गेल्या नसणार. खाणं कुजलं, म्हणून मेले. तसं लिहून दे."

"मग स्वच्छ पाण्यातले कसे जगले?" मी म्हटलं.

"बाई, पुढच्या महिन्यात तुझ्या नोकरीची मुदत वाढवायचीय ना?" एवढं बोलून त्यांनी संत्र्याची बी तळहातावर थुंकली.

मी लिहून दिलं. सही केली. पाणी पास झालं.

हायड्रा मेला म्हणजे माणूस मरतो, असं नाही. तो फार नाजूक असतो. पण तो मेला की पाण्यात काय आहे ते शोधायचं असतं, म्हणून तर त्याला पाळतात. आम्ही शोधलंच नाही.

सही करताना मला तुझी आठवण झाली होती. तुमच्याकडे विहीर आहे, असं मनाशी म्हटलं आणि कागद पुढे सरकवला. म्हणजे दुसऱ्यांच्या लेकरांनी प्यायलं तर मला चालणार होतं. साहेबांपेक्षा मला ह्याची जास्त किळस येते, ताई. हात कितीही धुतले तरी कोळंबीचा वास येतो असं वाटतं.

आणि मग तुझं पत्र. नळ आला, विहिरीचं ओढणं सुटलं, बाळीच्या बाटलीतलं दूध आता नळाच्याच पाण्यात कालवते. वर लिहितेस, "तुझ्या लोकांनी पास केलंय, म्हणून मी निर्धास्त आहे." उकळून घेतेस म्हणतेस. उकळल्याने रोगजंतू मरतात. पाण्यात कसला धातू असेल तर तो उकळून जात नाही.

साहेबांच्या घाईत एक राहून गेलं. तपासणीतल्या हायड्रांना आम्ही खायलाच देत नाही. आदल्या दिवसापासून उपाशी ठेवतो, पोट भरलेलं असलं तर निकाल चुकतो. माझ्या वहीत रोज त्या सहा वाट्यांपुढे लिहिलंय, 'खाणं नाही'. मग कुजलं काय? हे काम करणाऱ्या कुणालाही वही दाखवली तर एका मिनिटात कळेल. सही करताना मलाही हे माहीत होतं.

आज सकाळी वहीची पानं आणि माझ्या खोटेपणाची कबुली, दोन्ही पाणीखात्याला पाठवली. साहेबांना अजून माहीत नाही, ते आत संत्रं खातायत. नोकरी जाईल. आईला मी सांगेन, तू सांगू नकोस.

भावोजींना म्हण, विहिरीला दोर आजच बांधा. शेजारणींनाही सांग, आणि कुणी सांगितलं विचारलं तर माझंच नाव घे. बाळीला त्या पाण्याचा थेंब देऊ नकोस. मग माझ्यावर हवी तेवढी रागव, ह्या पत्राचं उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

खाली 'तुझी जंतूवाली' लिहायला हात धजत नाही. पाणी पास करणाऱ्या कागदावर केली होती तीच सही इथे करतेय.

तुझी धाकटी,
(सही)