मोज्यातली नळी

१४ नोव्हेंबर, गुरुवार

प्रिय भावोजींना वहिनीचे अनेक आशीर्वाद. आम्ही ठीक आहोत. माझे गुडघे कुरकुरतात, तुमचे दादा त्याहून जास्त. चौथीपर्यंतचं माझं अक्षर, सांभाळून घ्या.

बातमी अशी की तुमचा अ‍ॅम्प्लिफायर सापडला! तोच हो, गिटारचा, खाकी कापड चढवलेला, ज्याला मी ‘तुमची बायको’ म्हणायची. माझ्या मुलीला तुम्ही रडकी म्हणून ‘भोंगा’ नाव ठेवलं होतं ना, तिचीच लेक आता गिटार वाजवते. सुट्टीला आलीय. तिने इस्त्रीच्या स्टुलावरची चादर ओढली आणि किंचाळलीच. मला वाटलं उंदीर.

“आजी, तू चाळीस वर्षं याच्यावर इस्त्री करतेयस?”

रेडिओ दुरुस्तीवाल्याला बोलावलं, तर त्याने खोलीत शिरताना चपलाच काढल्या. म्हणाला, “हा बनवणारी कंपनी दोन वर्षांत बंद पडली, आजी. असा मी फक्त चित्रात पाहिलाय.” मग मागची फळी उघडली. “सगळं शाबूत आहे, आवाज वाढवणारी एक काचेची नळी तेवढी नाही. ती आता कुठून आणायची?”

मी उठले, बटणांच्या डब्यातून भोंग्याचा तान्हेपणीचा मोजा आणून दिला. आत नळी.

सापडला म्हणाले खरी, भावोजी, पण हरवला कधी होता?

भोंगा तीन महिन्यांची होती. मला जागवून मारायची, आणि दुपारी जरा डोळा लागला की पलीकडे तुमची गिटार सुरू. तुम्ही ती नळी फडक्यात धरून काढता, पुसता, हे मी पाहिलं होतं. त्या दिवशी तुम्ही जेवायला बसलात आणि मी ती काढली. एक झोप काढायची, परत लावायची, एवढंच मनात. पण मी मेली अशी झोपले, की तुम्ही अ‍ॅम्प्लिफायर उचलून कार्यक्रमाला गेलात तरी कळलं नाही.

भरल्या हॉलमध्ये त्याचा दिवा लागला, आवाज नाही. घरी येऊन तुम्ही दादांच्या अंगावर धावलात, “तुम्हीच काढलीत!” आदल्या दिवशीच ते तुमचा हा गाण्याचा डबा फेकून देईन म्हणाले होते. बिचारे शपथा घेत होते. मी दारात भोंग्याला थोपटत उभी, नळी मुठीत. तुम्ही बॅग भरलीत, डबा इथेच टाकून निघालात, तरी मूठ उघडली नाही. आज लिहू, उद्या लिहू करत नात एवढी झाली.

झोप लागली त्याची लाज नाही वाटत. जाग आल्यावर गप्प बसले, त्याची वाटते.

नळी बसली. तो आधी गुरगुरला, मग नातीने एक तार छेडली. आवाज फरशीतून माझ्या पायात चढला हो! जाडसर, उबदार. मी लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या. वर बघते तर दारात तुमचे दादा. नजर मोज्यावर.

“म्हणजे तू?”

तेवढंच बोलून आत गेले. चहा पाठवला, तो तसाच परत आला. मग बाहेर येऊन म्हणाले, “त्याला लिही,” आणि पाकीट आणायला स्वतः गेले. अजून माझ्याशी बोलत नाहीत. पेटीत टाकायलाही तेच नेणार आहेत.

डब्याला पुढे गिटार लावायला दोन भोकं आहेत. नात एकच वापरते. दुसऱ्याला मी हात लावू देत नाही.

तुमच्या दादांवरचा आळ उतरवून आपल्या माथी घेतलेली,
तुमची वहिनी