दट्ट्या उभा कोणी केला

नागोया, ६ फेब्रुवारी १९७८

ती. स्व. हात्सुए मावशीस,
मायुमीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

यंदा आमच्या कंपनीला पन्नास वर्षं होताहेत आणि तिचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. आई म्हणते, लहानपणी प्रश्न विचारून सगळ्यांना भंडावलंस, आता भोग!

किरिहाता कारखाना आगगाडीचे ब्रेक करतो, हे मला समजतं. पण ब्रेकवाल्यांना कणीक मळायचं यंत्र कसं सुचलं? आज अर्धी कंपनी त्या यंत्रांवर चालते आणि जुन्या पुस्तिकेत एवढंच म्हटलंय, की १९४९ साली संस्थापकांच्या दूरदृष्टीने यंत्रविभाग सुरू झाला. तेइजो काका तेव्हा तिथे फिटर होते ना? त्याच वर्षी त्यांची नोकरी सुटली, एवढं सांगून आई विषय बदलते. का गं? मला चैन पडत नाहीये.

गुडघे सांभाळ. पत्राची वाट बघते.
तुझी मायुमी


कुवाना, १५ फेब्रुवारी

चि. मायुमीस अनेक आशीर्वाद.

दूरदृष्टी म्हणे! अगं, थोरल्या किरिहातांना तेव्हा उद्याचं दिसत नव्हतं. रेल्वेच्या ऑर्डरी बंद झाल्या आणि त्यांनी निम्मी माणसं काढायचं ठरवलं. माणसांनी संप केला, कारखान्यातच मुक्काम ठोकला. पुढारी तुझे काका. आम्ही बायका अंगणात चुली मांडून सगळ्यांसाठी उडॉनच्या जाड शेवया करायचो. ती कणीक घट्ट असते, कापडात गुंडाळून पायांनी तुडवावी लागते.

ब्रेकमध्ये काय असतं, तर हवेच्या जोराने दट्ट्या पुढे येतो आणि चाक दाबून धरतो. काकांनी तोच दट्ट्या उभा बसवला, खाली कणीक ठेवली, नि वरून हवा सोडली! मालक बोलणी करायला फाटकापाशी आले होते. त्यांनी ते पाहिलं, वाडगाभर उडॉन उभ्याउभ्याच खाल्लं आणि मीठ कमी आहे म्हणाले. महिन्याभरात संप मिटला, यंत्र विकायला निघालं, बहुतेक सगळे कामावर परतले. फक्त पुढाऱ्याला घेतलं नाही. पुढे काकांनी आयुष्यभर सायकली दुरुस्त केल्या.

तुझी आई घाबरट. तिला वाटतं, हे कळलं तर तुझी नोकरी जाईल. जेवत जा वेळेवर.
तुझी मावशी


नागोया, ३ मार्च

ती. स्व. मावशीस सा. नमस्कार.

रागावू नकोस. मी सगळं लिहिलं, संपासकट. आमच्या साहेबांनी लाल पेन्सिलीने पानावर उभी काट मारली आणि पन्नाशीच्या समारंभात हे कशाला उकरायचं, असं विचारलं. मग मी आगाऊपणा केला. ते पान घेऊन थेट अध्यक्षांकडे गेले, म्हणजे थोरल्या किरिहातांच्या मुलाकडे. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि फक्त तुझा पत्ता मागितला. मी देऊन बसले. आता धाकधूक होतेय. काही वेडंवाकडं बोलले तर सरळ घराबाहेर काढ, माझा विचार करू नकोस.

काळजीत असलेली,
मायुमी


कुवाना, १२ मार्च

चि. मायुमीस आशीर्वाद.

तुझे अध्यक्ष काल येऊन गेले. घरात शिरल्यावर आधी काकांच्या तसबिरीपुढे बसले, उदबत्ती लावली आणि बराच वेळ मान खाली घालून होते. संपाच्या वेळी ते कॉलेजात होते. या माणसाला परत घ्या असं वडिलांना सांगायचं फार मनात होतं, पण धीर झाला नाही, म्हणाले. मी चहा पुढे केला. दुसरं काय करणार?

मग त्यांनी तुझं पान काढलं. हे असंच छापायचं, यंत्राचे जनक म्हणून तेइजोंचं नाव घालायचं, चालेल ना, असं विचारलं. मी म्हटलं, नाही चालणार, कारण ते खरं नाही.

बिचारे गोंधळले. तूही गोंधळशील. अगं, तेव्हा केन्जी माझ्या पोटात होता, पाय सुजून भोपळे झाले होते. एका सकाळी कणीक तुडवता तुडवता मी तुझ्या काकांवर ओरडले, की तुम्ही लोक हवेवर अख्खी गाडी थांबवता आणि मी इथे उड्या मारत बसू? तो तुमचा दट्ट्या उभा करा की! आधी ते हसले. मग पाना घेऊन उठले.

पुढे सगळे त्यांचीच अक्कल म्हणायला लागले. मी म्हणू दिलं. नोकरी गेलेल्या माणसाजवळ तेवढं एक तरी असावं. आता ते नाहीत, आणि विचारणारी तू निघालीस.

अध्यक्षांनी पेन काढून माझं नाव कुठल्या अक्षरांनी लिहितात ते विचारून घेतलं. तुझ्या साहेबांना सांग, नावं दोघांची घाला. माझं आधी.

माया आहेच, ती वाढव.
तुझी मावशी