हिच्यासाठी प्राणायाम

२ सप्टेंबर, सकाळी ११
हिची तब्येत बरी नाही. झोप नाही म्हणते, कशात मन लागत नाही म्हणते. काल डॉ. अतीक यांच्याकडे घेऊन गेलो. मनाचे डॉक्टर. बाहेर दीड तास बसवलं. बाकाचं रेक्झिन फाटलेलं, आतला स्पंज बाहेर, त्यात कुणीतरी चघळलेलं च्युइंगगम खोचलेलं. शिसारी आली.

डॉक्टरांनी झोप, भूक, चिडचिड सगळं विचारलं. उत्तरं मीच दिली. महानंदाला नेमकं सांगता येत नाही, लग्न झाल्यापासून तिचं सगळं मीच सांगत आलोय. गंमत म्हणजे डॉक्टर पेशंटला सोडून सगळा वेळ माझ्याकडेच बघत होते. बत्तीस वर्षं आस्थापना शाखा सांभाळलेल्या माणसाचा दबदबा रिटायर होऊन तीन महिने झाले तरी राहतोच.

उपाय काय, तर गोळ्या इतक्यात नकोत. सहा आठवडे रोज सकाळी श्वास आणि संथ हालचालींचा वर्ग. त्याने ताण आणि उदासी उतरते. ही म्हणाली, अहो, मला एकटीला कसंतरी वाटतं, तुम्ही पण चला की. मला काहीही झालेलं नाही. पण कर्तव्य म्हणून जाणार. एकही खाडा नाही.

३ सप्टेंबर
अलार्म साडेपाचचा. गरज नव्हती, हल्ली चारलाच डोळे उघडतात. शिस्त.

वर्ग एका मंगल कार्यालयात भरतो. कालच्या लग्नाचा जिलेबीचा पाक फरशीला तसाच. पायमोजे चिकटले. मॅट कुणाकडेच नाही. सोलापूरकर मॅट कशाला विकत घेतोय, प्रत्येकाने घरची चादर आणलेली. बावीस चादरी, बावीस वास. कुणाची डांबरगोळ्यांची, कुणाची नातवाने ओली केलेली. माझ्या शेजारी बंदेनवाज, रिटायर ट्रक ड्रायव्हर. त्याची चादर टेंभुर्णीपर्यंत डिझेल न भरता जाईल.

शिकवतात त्या मेहनाज मॅडम. आवाज मऊ. हात वर नेताना श्वास घ्या, खाली आणताना सोडा. एवढ्यासाठी डॉक्टर लागतो?

६ सप्टेंबर
भ्रामरी. कानात बोटं घालून सगळ्यांनी गुणगुणायचं. संपल्यावर बंदेनवाजने बोट बाहेर काढलं, निरखून पाहिलं आणि चादरीला पुसलं. मला ओकारी आली. हिने पदराआड तोंड लपवलं. हसली असावी. म्हणजे गुण येतोय.

८ सप्टेंबर
मॅडमनी दोन फॉर्म दिले. एक रुग्णाचा, एक सोबत्याचा. बारा प्रश्न, शून्य ते तीन गुण, जितके गुण जास्त तितका त्रास. दर सोमवारी भरायचे. हिचा मी पाच मिनिटांत भरून टाकला. सगळीकडे शून्य. विचारायचं काय त्यात? बत्तीस वर्षं दुसऱ्यांचेच फॉर्म भरले. माझ्या फॉर्मवर आडवी रेघ मारून लिहिलं: लागू नाही.

१२ सप्टेंबर
वर्गात शिस्त शून्य. लोक सव्वासहाला येतात आणि श्वास मात्र संथ घेतात. स्वखर्चाने मस्टर आणलं. उशिरा येणाऱ्याला लाल शेरा. मॅडम काही बोलल्या नाहीत. म्हणजे संमती.

१६ सप्टेंबर
हजर: नऊ. वर्गातल्या शिवबाईंना जाब विचारला. वय सत्तर, हात वर नेला की ढेकर. त्या म्हणाल्या, सायेब, लाल शाई बघून छातीत धडधडतंय की, मग हितं कशाला यायचं? मॅडमनी मस्टर मागून घेतलं आणि कपाटात ठेवलं. कुलूपही लावलं. या देशात कार्यक्षमतेची कुणाला किंमत नाही. वीट आला.

२० सप्टेंबर
ही भाजीत मीठ घालत नाही. शेंगाचटणीसुद्धा भुसा लागते. सांगितलं तर म्हणते, घातलंय की. हिच्या जिभेची चव गेलीय. फॉर्ममध्ये चवीचा प्रश्न आहे, पण तिथे शून्यच दिला. बायकोची लाज आपण राखायची. लेकीचा, संस्कृतीचा, पुण्याहून फोन आला. बाबा, कसे आहात? म्हटलं, मजेत. फोन हिच्याकडे दिला.

२६ सप्टेंबर
ऑफिसात गेलो. मुद्दाम नाही, त्या बाजूला काम होतं. (काम नव्हतं. पण काढता आलं असतं.) गेटवर अभ्यागत नोंदवहीत सही करायला लावली. ती नोंदवही मीच सुरू केली होती. 'कामाचे स्वरूप' या रकान्यात काय लिहावं सुचेना. माझ्या खुर्चीत आता बाळासो. हाताखाली तयार केलेला पोरगा. उठून उभा राहिला, बसा म्हणाला, आणि फोनवर बोलत राहिला. टेबलावर तंबाखूचा मावा पडलेला. माझ्या टेबलावर. चहा आला, त्यावर साय. कपाला कुणाची तरी लिपस्टिक. तसाच ठेवून उठलो.

कुणी थांबवलं नाही. अर्थात, मी घाईत होतो.

२७ सप्टेंबर
वर्गाला खाडा. गुडघा.

२८ सप्टेंबर
खाडा. गुडघा. (डावा. काल उजवा होता.)

३० सप्टेंबर
खाडा. हिला म्हटलं, तू जा. नाही म्हणाली. चादरीची घडी हातात घेऊन सहापर्यंत दारात उभी. रिक्षावाला हॉर्न वाजवून निघून गेला. पेशंटच औषधाला जात नसेल तर मी किती करायचं?

४ ऑक्टोबर
गेलो. हिच्यासाठी. शवासन. मॅडम म्हणाल्या, अंगातलं सगळं सैल सोडा. वीस जणांनी सोडलं, त्यात शिवबाईंनी आवाजासकट. डोळ्यांत पाणी आलं. फरशीला फिनाईल फार मारतात. डोळे पुसायला रुमाल सापडेना, तर बंदेनवाजने ती डिझेलची चादर पुढे केली. म्हणाला, साहेब, दिल पे नक्को लेओ. मी म्हटलं, फिनाईल. तो म्हणाला, हौ, फिनाईल.

उठताना शिवबाई म्हणाल्या, सायेब, तुमी श्वास घेताय, पर सोडीत न्हाय की. रोज बघतीया. मी म्हटलं, तुम्ही स्वतःकडे लक्ष द्या.

१३ ऑक्टोबर
हिच्यात सुधारणा स्पष्ट आहे. काल बहिणीशी कन्नडमध्ये अर्धा तास बोलत होती. माझं नाव तीनदा आलं. कौतुक करत असावी. सोमवारचा फॉर्म भरला. शून्य, बारा वेळा. परवा डॉक्टरांकडे शेवटची भेट. शंभर टक्के यशस्वी केस म्हणून शाबासकी मिळणार, तेव्हा कोरा शर्ट घालणार.

१५ ऑक्टोबर, दुपारी ४
गेलो. कोऱ्या शर्टात. बाकावर स्पंज तसाच.

कंपाउंडरने पुकारा केला, गुरुलिंग आले का? हिला ऊठ म्हटलं. ती उठेना. तुम्हाला बोलावतायत, म्हणाली.

डॉक्टरांपुढे फाईल होती. मी बारा शून्यांचा कागद पुढे केला. त्यांनी तो बाजूला ठेवला. म्हणाले, हे ताईंचे गुण, ताईंना काही झालेलंच नाही. तुमचं सांगा. मी हिच्याकडे बघितलं. ती टेबलाकडे बघत होती. हळूच म्हणाली, मी ऑगस्टमध्येच येऊन गेले होते, तुम्हाला तुमच्यासाठी चला म्हटलं असतं तर आला असता का?

फाईल उघडली. केसपेपरवर रुग्णाचं नाव माझं. ऑगस्टपासून. आयुष्यभर लोकांचे कागद नावावरून परत पाठवले आणि हे वाचलं नाही. आत एक फॉर्म, हिच्या वळणदार अक्षरात भरलेला. चव लागत नाही, ३. पहाटे जाग येते, ३. सगळ्याची किळस वाटते, ३, पुढे कंसात 'माझी पण'. म्हणजे मला तिचीही किळस येते, असं तिने लिहिलं. तिला असं वाटू दिलं मी. फार वाईट वाटलं. डॉक्टरांनी विचारलं, हे बरोबर आहे का, तपासून घ्या. पेन दिलं.

पाचवा प्रश्न, रडू येते का. हिने लिहिलंय: आठवड्यातून दोनदा, बाथरूममध्ये, नळ सोडून.

चूक आहे. 'दोनदा' खोडलं. वर 'रोज' लिहिलं. खाडाखोड झाली म्हणून बाजूला सही केली.